नोकरी सांभाळून द्राक्षबाग : वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की नोकरी करून द्राक्षबाग कोण कोण सांभाळतंय, काय अडतं ते कळवा. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाच निवडलीत, नावं काढलीत. मी स्वतः निफाड तालुक्यात हायस्कूलला 27 वर्षं शिकवलं आणि त्या सगळ्या वर्षांत घरची तीन एकर बाग होती, त्यामुळे हा विषय माझ्या घरचाच आहे.

ताई नमस्कार. मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय 38, तीन शिफ्ट. गाव दिंडोरी तालुक्यात, कंपनीपासून 24 किलोमीटर. अडीच एकर द्राक्ष आहे, एक एकर थॉमसन 16 वर्षांची आणि दीड एकर सुपर सोनाका सहा वर्षांची. आतापर्यंत वडील बघायचे, मी पगारातून औषधाचं बिल भरायचो आणि रविवारी फवारणीचा ब्लोअर चालवायचो. आता वडिलांचे गुडघे गेले, डॉक्टर ऑपरेशन सांगतायत. मागच्या सीझनला मी सगळ्या सुट्ट्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये घेतल्या तरी थॉमसनला घडच नीट निघाले नाहीत आणि जे निघाले त्याला डाऊनी बुरशी लागली. बायको म्हणते बाग काढून टाका, वडील म्हणतात नोकरी सोड, मित्र म्हणतात सल्लागार लाव आणि मोबाईलवर बाग चालव. काय करू?

दादा, आधी सुट्ट्यांचं बोलू, कारण खरी गोम तिथे आहे. तुम्ही सगळ्या सुट्ट्या ऑक्टोबरनंतर घेतल्या आणि घड निघाले नाहीत म्हणताय, पण घड काय ऑक्टोबरमध्ये तयार होतो का? एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे वर्षातल्या दोन छाटण्यांतली पहिली, झाली की साधारण 40 ते 70 दिवसांच्या मध्ये नव्या काडीच्या डोळ्यात तो बारीक घड बनत असतो, म्हणजे मे-जूनमध्ये. तेव्हा बाहेरून बघितलं तर वेलीवर नुसता पाला दिसतो, म्हणून नोकरीवाला माणूस म्हणतो आता बागेत काही काम नाही, आणि नेमकी तेव्हाच बाग मोकळी सोडतो. सबकेन (मुख्य काडी खुडून बगलफूट वाढवणं) वेळेवर झाली नाही, शेंडा मारला नाही, पाला दाटला, काडीवर ऊन पडलं नाही, पाणी नि युरिया हात सैल सोडून दिला की वेल नुसती वाढत सुटते आणि डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता ताणा, बनते. ऑक्टोबरला छाटलं की मग सगळे डोक्याला हात लावून बसतात आणि दोष पेस्टिंगला, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला लावतात त्या औषधाला, देतात. 2025 च्या मे महिन्यात पाऊस लवकर आला आणि ढग हटेनात, तेव्हा चांगल्या चांगल्या पूर्णवेळ बागायतदारांना हा फटका बसला, त्यांनी तरी रोज बागेत उभं राहून जे करता येईल ते केलं होतं. तेव्हा पहिली गोष्ट, पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांपैकी पाच-सहा दिवस मे-जूनसाठी राखून ठेवा. सलग नकोत, आठवड्याला एक चालेल, पण राखून ठेवा.

आता ऑक्टोबरचं. द्राक्षाची एक सोय आहे जी कांद्याला नाही टोमॅटोला नाही, छाटणीची तारीख आपण ठरवतो आणि मग पुढचं सगळं दिवस मोजून येतं. समजा 12 ऑक्टोबरला छाटणी केली. 13 ला पेस्टिंग. 18 व्या दिवशी म्हणजे 30 ऑक्टोबरच्या आसपास फेलफूट, म्हणजे बिनघडाची जादा फूट, काढायची. 38 ते 45 दिवस म्हणजे 19 ते 26 नोव्हेंबर फुलोरा. एक ते 11 डिसेंबर डिपिंग (घड जीए या संजीवकाच्या पाण्यात बुडवणं) आणि विरळणी (घडातले जादा मणी कापणं). मग फेब्रुवारीच्या मध्याला तोडा. थंडी जास्त पडली तर थोडं मागे जातं, ढगाळ राहिलं तर थोडं हलतं, पण ढोबळ हिशोब हाच. म्हणजे तुम्ही कंपनीत सुपरवायझरला सप्टेंबरमध्येच सांगू शकता की मला या या तारखा लागतील, आणि एवढ्या आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी माणसं ऐकतात, कारण त्यांना अडचण असते ती सकाळी सातला फोन करून मी येत नाही म्हणणाऱ्याची. मीसुद्धा हेडमास्तरांना असंच लिहून द्यायचे. आणि दोन्ही प्लॉट आहेत तोवर ते एकाच आठवड्यात छाटा. लोक आठ-दहा दिवस पुढेमागे छाटतात, मजूर पुरतात म्हणून, पूर्णवेळ शेतकऱ्याला ते बरोबर आहे, पण तुमच्यासारख्याला दोन प्लॉट म्हणजे दोनदा फुलोरा, दोनदा डिपिंग, दोनदा विरळणी, तुमची रजा संपते आणि बाग अजून मध्येच असते.

पेस्टिंगच्या दिवशी मात्र स्वतः थांबा, कुणावर सोडू नका. हायड्रोजन सायनामाईड हे साधं औषध नाही. हातमोजे पाहिजेत, डोळ्याला चष्मा पाहिजे, आणि मजुरांना स्पष्ट सांगायचं की काल घेतली असेल तर आज पेस्टिंगला यायचं नाही आणि आज काम केलं की पुढे बरेच दिवस दारूला शिवायचं नाही. पोटात थोडी जरी गेली तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, माणूस दवाखान्यात जातो. सुरगाणा-पेठकडून आलेली पोरं असतात, त्यांना डब्यावरचं वाचता येतंच असं नाही, आणि सांगणारा मालक कंपनीत पंच करायला गेलेला असतो. हे मला फार लागतं म्हणून लिहिलं.

डाऊनीचं आता माझंच सांगते. 11 नोव्हेंबर 2009, बुधवार, फयान वादळाचा पाऊस. आमची बाग फुलोऱ्यात होती. मिस्टर नोकरीनिमित्त बाहेरगावी, घरी सासरे आणि मी, आणि माझ्याकडे नववीच्या पेपरांचा गठ्ठा. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी शाळेत फोन केला की पाऊस थांबला पण काळी जमीन, ट्रॅक्टर आत जाईना, काय करू. मी म्हटलं शनिवारी सकाळची शाळा आहे, दुपारी येते मग बघू. शनिवारी दुपारी बागेत गेले, नाल्याच्या बाजूला खालचा कोपरा आहे तिथे दव उशिरापर्यंत राहतं, तिथलं एक पान हाताने उलटं केलं. वरून नुसता तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग होता, आणि खाली पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी. शेजारचं उलटलं, तेच. त्याच्या पुढचं, तेच. घडाला हात लावला तर फुलं बोटाला चिकटून आली. आठ दिवसांत घड तपकिरी झाले. तीन एकरात त्या वर्षी एका एकराएवढाही माल निघाला नाही. ट्रॅक्टर जात नव्हता हे खरं, पण गडी लावून पाठीवरच्या पंपाने, पाईप ओढून गनने, कसंही गुरुवारी-शुक्रवारी फवारलं असतं तर निम्मी बाग तरी हाती लागली असती. शेजारच्यांनी तेच केलं, रात्री बॅटरी लावून पाईप ओढले. त्यांची बाग राहिली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे तो तुम्हालाही सांगते. फुलोऱ्याच्या आधीपासून सेटिंग होईपर्यंतचे, म्हणजे मणी धरेपर्यंतचे, जे तीन आठवडे असतात त्यात पाऊस झाला किंवा नुसतं धुकं पडलं तरी 24 तासांच्या आत फवारणारा एक माणूस गावात ठरलेला पाहिजे. त्याच्याशी आधी बोलून, पैसे ठरवून, औषध घरात आणून ठेवून. त्या दिवशी फोन करून शोधलं तर कुणीच मिळत नाही, कारण त्या दिवशी सगळ्या गावाला माणूस हवा असतो. आणि रोज सकाळी कुणीतरी एक चक्कर मारून खालच्या कोपऱ्यातली दहा पानं उलटून बघायची. वडिलांना गुडघ्यामुळे सगळी बाग फिरता येत नसेल, पण बांधावर खुर्ची टाकून बसले, हाताशी येतील तेवढी पानं बघितली तरी त्यांच्या डोळ्याला जे दिसतं ते कुठल्या मशीनला दिसणार नाही.

मोबाईलवर बाग चालव म्हणणाऱ्या मित्रांचं अर्धं बरोबर आहे. मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवाच, लाईट कधी दिवसा कधी रात्री येते, त्यासाठी रात्री दोनला उठून मळ्यात जायचं आणि सकाळी सातच्या शिफ्टला जायचं हे बंद होईल. ड्रिपचे व्हॉल्व्ह ऑटोमॅटिक करता आले तर उत्तम. हवामान स्टेशन चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून घेतलं तर परवडतं. सल्लागारही लावा, फक्त एवढं लक्षात घ्या की तो आठवड्यातून एकदा येतो, चिठ्ठी लिहून जातो, ती चिठ्ठी ब्लोअरच्या टाकीत नीट मिसळणारा हात वेगळा लागतो. लोक सल्लागाराची फी देतात आणि त्या हाताचे पैसे वाचवतात, तिथे चुकतं.

अजून एक, आणि हे ऐकाच. विरळणीच्या दहा दिवसांत नाईट शिफ्ट घेऊ नका. कागदावर ते सोयीचं वाटतं, रात्री कंपनी, दिवसा बागेत मजुरांवर लक्ष. चौथ्या दिवशी तुम्ही बाईकवर झोपाल. दिंडोरी रोडला पहाटे कांद्याचे, भाजीचे ट्रॅक्टर आणि पिकअप धावत असतात. वाटल्यास त्या दिवसांत पहिली शिफ्ट बदलून घ्या आणि दुपारपर्यंतचं लक्ष वहिनींनी किंवा गावातल्या एखाद्या माहितगार मुकादमाने ठेवायचं ठरवा, त्याला उक्तं न देता रोजावर ठेवा. उक्त्या कामात घड पटापट उरकतात, मणी किती ठेवले ते कुणी बघत नाही.

आता नोकरी सोडू का बाग काढू. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. नोकरी आहे म्हणून वडिलांच्या गुडघ्याला मेडिक्लेम आहे, पीएफ आहे, आणि बागेच्या वाईट वर्षात मुलांची फी थांबत नाही. पण ती 16 वर्षांची थॉमसन काढा. मला माहितीय वडिलांना हे कसं वाटेल, त्यांनी ती स्वतः कलम बांधून उभी केली असणार. तरी सोळा वर्षांची खोडं, मधूनमधून मेलेली झाडं, कमी घड आणि औषध पाणी मात्र तेवढंच, तिच्यावर तुमची अर्धी रजा जाते. दीड एकर सोनाका नीट सांभाळा. मोकळ्या झालेल्या एकरात दोन वर्षं हिरवळीचं खत, सोयाबीन, हरभरा असं काहीतरी करा, जमिनीलाही विश्रांती मिळेल. वडिलांचं ऑपरेशन मात्र जूनच्या शेवटी ते सप्टेंबर या मधल्या काळात बसवा, म्हणजे पेस्टिंगच्या वेळेला ते काठी घेऊन का होईना बांधावर असतील, आणि तुम्हाला हवं तेवढं दवाखान्यात थांबता येईल.

ताई, मी तासगाव तालुक्यातून लिहितेय. मालक सांगलीला नोकरीला आहेत, रोज जाऊन-येऊन करतात, सकाळी आठला जातात रात्री आठला येतात. दोन एकर बाग आहे. डबा, पोरांची शाळा, सासूबाई आणि बाग सगळं मी बघते. फवारणीचं पाणी मी भरते, मजूर बायका मी गोळा करते, पण दुकानदार, सल्लागार, व्यापारी सगळे फोन मालकांनाच करतात. मागच्या वर्षी व्यापाऱ्याने भाव पाडला म्हणून माल बेदाण्याला टाकला, तेव्हा बरं वाटलं. आता कायम बेदाणाच करावा का? आणि मनातलं एक विचारते, सातबाऱ्यावर माझं नाव लागू शकतं का?

ताई, तुमचं दुसरं आधी घेते, तुम्ही ते शेवटी भीत भीत लिहिलंय म्हणून. लागू शकतं. लक्ष्मी मुक्ती योजना म्हणून आहे, शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ही मोहीम आधी गावोगाव चालवली आणि मग 1992 मध्ये शासनाने तसा निर्णय काढला. नवरा हयात असताना त्याने स्वतःहून अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो. अट एकच, जमीन मालकांच्या स्वतःच्या हिश्श्याची असली पाहिजे, भावांची सामाईक असेल तर आधी वाटप. मालकांशी बोला, आणि भांडण म्हणून बोलू नका, व्यवहार म्हणून बोला, कारण तो व्यवहारच आहे. बँकेत पीक कर्ज, विम्याचा अर्ज, ई-पीक पाहणी, ही सगळी कामं ऑफिसच्या वेळात येतात. तुमचं नाव असेल तर त्यातली निम्मी तुम्ही उरकाल आणि त्यांची रजा वाचेल. त्यांना हे पटायला हरकत नाही, सांगलीहून तलाठी ऑफिस गाठायला त्यांनाही जमत नसणारच.

फोनचंही तसंच. दुकानदाराला तुमचा नंबर द्या आणि मालकांनीच त्याला सांगू दे की बागेचं मंडळींना विचारा. मी माझ्याच घरात बघितलंय, बागेत दिवसभर जी बाई असते तिला थ्रिप्स (फुलकिडा) दोन दिवस आधी दिसतो, पण तिचं ऐकायचं कुणाला ठाऊकच नसतं. रात्री आठला थकून आलेल्या माणसाला ती सांगते, तो म्हणतो रविवारी बघू. तुम्ही एक वही घाला, तारीख, काय दिसलं, काय फवारलं, किती लिटर पाणी. मग बोलताना तुमच्या हातात काहीतरी असतं.

आता बेदाणा. नोकरीवाल्या घराला बेदाणा सोयीचा आहे, असं मी स्पष्ट म्हणते. टेबल द्राक्षाला, म्हणजे खायच्या द्राक्षाला, मणी फुगवायचे, एकसारखे करायचे, त्यावर चकाकी राहिली पाहिजे, त्यासाठी विरळणी-डिपिंगचा सगळा खटाटोप. बेदाण्याला त्यातलं बरंच कमी होतं, गोडी चांगली लागते, 22 ब्रिक्सच्या वर गेली तर वजन बरं पडतं. आणि मुख्य म्हणजे माल झाडावर तयार आहे नि आकाशात ढग आलेत म्हणून व्यापाऱ्यासमोर हात जोडायची वेळ येत नाही. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा पडतो, तो कोल्ड स्टोरेजला ठेवला की भाव बघून तासगाव नाहीतर सांगलीच्या सौद्याला काढता येतो. पैशाची नड असेल तर शेतमाल तारण कर्जात बेदाणा बसतो, चौकशी बाजार समितीत करा.

पण बेदाण्याचे पंधरा दिवस फार नाजूक. डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात क्रेट बुडवून रॅकवर टाकला की पुढे बारा-पंधरा दिवस कोरडी हवा पाहिजे. मार्चमध्ये अवकाळी आला, शेडमध्ये ओल धरली की बेदाणा काळा पडतो आणि भाव निम्म्याच्या खाली जातो. शेड भाड्याने असेल तर तिथे ताडपत्र्या आहेत का, वेळेला ओढणारं माणूस कोण, हे आधी बघून घ्या. मालकांना सांगा, ऑक्टोबरला एखाद दिवस कमी रजा घ्या पण रॅक भरायच्या आणि झाडायच्या दिवशी घरी राहा. कायम बेदाणाच असं मात्र ठरवू नका. एक एकर त्यासाठी धरा, एक एकर मार्केटला, दोन-तीन वर्षं वहीतले आकडे बघा मग ठरवा.

मी नाशिकला बँकेत आहे, बाग निफाडला. यंदा मी ऑफिसला असताना वडिलांनी सौदा केला, व्यापाऱ्याने पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले, पुढच्या तीन गाड्यांचे आठ दिवसांत देतो म्हणाला आणि फोन बंद. परप्रांतातला होता, गावातल्या दलालाने आणला होता. आता काय?

पद्धत तीच आहे, पहिल्या गाड्यांचे पैसे रोख देऊन विश्वास कमवायचा. आधी तक्रार द्या, उशीर करू नका. वजनकाट्याच्या पावत्या, गाडीचे नंबर, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, दलालाचं नाव, सगळं घेऊन पोलीस स्टेशनला जा. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती आणि तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांचे अडकलेले पैसे परत मिळाले, बऱ्याच व्यापाऱ्यांनी गुन्हा दाखल व्हायच्या आधीच मिटवून टाकलं. म्हणजे तक्रार केली तर काही होत नाही असं नाही. वडिलांना लाज वाटत असेल की आपण फसलो, त्यांना तुम्ही सोबत घेऊन जा, पुढे तुम्ही बोला.

पुढच्या वर्षीसाठी तुमच्या नोकरीचाच उपयोग करा. तुम्ही बँकेत आहात. सौदा वडिलांनीच करावा, माल त्यांना कळतो, पण पैसे खात्यावर जमा झाल्याचा मेसेज तुमच्या मोबाईलवर आल्याशिवाय पुढची गाडी भरायची नाही असं ठरवून टाका. वडिलांनी व्यापाऱ्याला सरळ सांगायचं, पोरगा म्हणतो तसं. यात वडिलांना वाईटपणा येत नाही. सौदापावती लिहून घ्यायची, आधार आणि गाळ्याचा पत्ता घ्यायचा, गावच्या दलालाचीही सही घ्यायची. फेब्रुवारी अखेरीस माल जास्त येतो, भाव पडतो, तेव्हा किलोला दोन-तीन रुपये जास्त देतो म्हणणाऱ्याकडे मन जातं, त्याच वेळी जास्त जपा.

पगारातून टीडीएस कापला जातो. बागेचं उत्पन्न करमुक्त असतं ना, मग रिटर्नमध्ये दाखवायची गरज काय? आणि पीएम किसानचे हप्ते वडिलांच्या नावावर येतात, माझ्या नावावर वेगळी जमीन आहे, मी अर्ज करू का?

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण दाखवायचं असतं. खर्च जाऊन शेतीचं उत्पन्न वर्षाला 5000 रुपयांच्या वर असेल आणि तुमचा पगार करपात्र असेल तर ते पगारात मिळवून कराचा दर काढतात, त्यामुळे पगारावरचा कर थोडा वाढू शकतो. तेवढ्यासाठी लपवू नका. खात्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम मोठी रक्कम आली आणि रिटर्नमध्ये शेतीच नसेल तर उत्तर देताना दमछाक होते. रिटर्नचा साधा पहिला फॉर्म मग चालत नाही, सीएला पहिल्याच दिवशी सांगा बाग आहे म्हणून, आणि औषधं, मजुरी, क्रेट, सगळ्याच्या पावत्या एका फाईलला लावा. पीएम किसानला अर्ज करू नका, आयकर भरणाऱ्याला ती योजना नाही, घेतलेले हप्ते परत भरावे लागलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. हां, फळपीक विमा तुम्हाला घेता येतो, पगारदार असलात तरी. द्राक्षाची मुदत ऑक्टोबरच्या मध्याला असते, छाटणीच्या गडबडीत नेमकी राहून जाते, म्हणून छाटणीच्या आधीच उरका. फक्त तो विमा मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर मिळतो, तुमच्या बागेत काय झालं त्यावर नाही.

मी पुण्यात आयटीत आहे, जुन्नर तालुक्यात आमची वडिलोपार्जित दोन एकर पडीक होती, विहिरीला पाणी आहे. वाचून वाचून खूप इच्छा झालीय की द्राक्ष लावावी. दर शनिवार-रविवार जाता येईल. टेबल द्राक्षाला वेळ लागतो म्हणून वाईनची लावावी का? चुलते गावात आहेत, त्यांची जंबो जातीच्या द्राक्षाची बाग आहे.

तुमची इच्छा मला मनापासून समजते, पडीक जमिनीकडे बघून जीव तुटतो. पण शनिवार-रविवारवर द्राक्ष होत नाही. वर पहिल्या उत्तरात मी लिहिलंय ते वाचा, बुधवारचा पाऊस शनिवारपर्यंत थांबत नाही. पुण्यातून नारायणगाव जवळ वाटतं, पण चाकणची ट्रॅफिक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार.

वाईनच्या जातींना, म्हणजे शिराझ, शेनिन वगैरे, जीएचं डिपिंग नाही, मणी मोठे करायचे नाहीत, त्यामुळे मजुरी कमी हे बरोबर आहे. पण डाऊनी-भुरी त्यांनाही सोडत नाही. आणि ही द्राक्षं बाजारात कुणी खायला घेत नाही, बी असते, मणी बारीक, त्यामुळे वायनरी सोडून दुसरं गिऱ्हाईक नाही. 2001 मध्ये राज्याचं वाईन धोरण आलं तेव्हा बऱ्याच जणांनी उत्साहाने लावली, आणि 2009-10 च्या आसपास मंदीत वायनऱ्यांकडे माल पडून राहिला तेव्हा त्याच लोकांनी कुऱ्हाड लावून काढली. तेव्हा हातात वायनरीचा लेखी करार असल्याशिवाय वाईनची एक काडी लावू नका. करारात जात, ब्रिक्स, भाव, आणि पैसे किती दिवसांत देणार, चारही पाहिजेत.

त्यात आणखी असं की खुंट (ज्यावर कलम बांधतात ती मुळाची झाडं) लावायचे, पावसाळा संपता संपता कलम बांधायचं, मंडप उभारायचा, ओलांडे (वेलीचे आडवे हात) तयार करायचे, पहिला नीट माल यायला दोन वर्षं तरी जातात, आणि ही दोन वर्षं वेलीला वळण लावायची असल्यामुळे रोज हात लागतो. लोक म्हणतात माल नाही तोपर्यंत काम नाही, ते चूक आहे. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तुमच्या पुण्यातच, तिथे जाऊन जमिनीचा आणि विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट दाखवा, क्षार किती आहेत त्यावर डॉगरिज का दुसरा कुठला खुंट ते ठरतं. ही चौकशी आता केली तरी लागवडीची घाई नको.

चुलते आहेत ही मात्र तुमची मोठी जमेची बाजू. त्यांच्याशी वाट्याने ठरवायचं असेल तर कागद करा, घरातलं माणूस आहे म्हणून तोंडी ठेवू नका, खर्च कोणाचा किती, माल विकायचा निर्णय कोणाचा, एखादं वर्ष गेलं तर कर्ज कोण फेडणार. हे आधी लिहिलं तर नातं टिकतं. पण त्याच्याही आधी एक करा. येत्या सीझनला त्यांच्या बागेची विरळणी कधी आहे ते विचारा, ऑफिसात आठ दिवस रजा टाका, वर्क फ्रॉम होम नको, पूर्ण रजा, आणि सकाळी मजूर बायका येतात तेव्हापासून त्या जाईपर्यंत त्यांच्यासोबत कात्री घेऊन मंडपाखाली मान वर करून उभे राहा. लॅपटॉप पुण्यालाच ठेवा. नवव्या दिवशी मला पत्र लिहा, मग आपण खुंट, जात आणि वायनरीचं बोलू.